ताईनं निवडलेलं घड्याळ

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. उत्रोलीच्या फाट्यावर पहाटेची पहिली यष्टी थांबल्याचा आवाज आला की आई चूल पेटवायची. दुसरी गेली की आबा, म्हणजे माझे वडील, म्हशीला वैरण टाकून खाचराकडं निघायचे. मधल्या वेळात तांदळाच्या भाकरीचा वास घरभर व्हायचा, तव्यावरची भाकरी उलटताना आईच्या बांगड्या वाजायच्या आणि माझी थोरली बहीण लता, आमची ताई, परसात भांडी घासताना मोठ्यानं गाणी म्हणायची. आजोबा असताना त्यांना किती वाजले असं विचारलं, तर ते उंबऱ्यावरचं ऊन बघून सांगायचे. पावसाळ्यात ऊन नसलं की म्हणायचे, भूक लागली असंल तर बारा वाजले, न्हाई लागली तर अजून व्हायचेत. त्यांनी जन्मभर मनगटाला काळा दोरा सोडून काही बांधलं नाही आणि चांगले पिकलं पान होऊन गेले. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढं आमच्याच घरात आजोबांचं घड्याळ निघालं.

ताईला वेल्ह्याकडचं स्थळ आलं ते आईच्या चुलतभावानं, बापूमामानं आणलं. बापूमामा बोलायला गोड आणि शब्द द्यायला उदार, म्हणजे शब्द दुसऱ्यानं पाळायचा असेल तेव्हा. मुलगा अंकुश, घरची भातशेती, शिवाय स्वतःची जीप. वेल्हे ते नसरापूर माणसं वाहायचा. वडील नव्हते. घर आईच्या हातात होतं. नाव ऐकल्याबरोबर आमच्या आईनं विचारलं, अंकुश आहे तर लहू कुठाय? आमच्याकडं ही नावं जोडीनं ठेवतात, एक लहू, पाठचा अंकुश. बापूमामा म्हणाला, थोरला न्हाई आता, आणि पानाला चुना लावायला लागला. आईनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यानं पोराच्या जीपचंच कौतुक सांगितलं. आता वाटतं, तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. पण त्या दिवशी माणसं यायची होती, शेवयांची खीर चुलीवर होती, आणि ती लागू नये याचीच घरात सगळ्यांना काळजी होती.

माणसं आली. अंकुशदाजी तेव्हा लाजरे आणि उंच, दारात वाकून आत आले. त्यांची आई ओट्यावर न बसता सरळ माजघरात येऊन बसली. पांढऱ्या केसांची, सरळ पाठीची बाई. तिनं ताईला जवळ बसवून घेतलं, तिचे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, कामाचं हात हायेत. मला ती आवडली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणालाही ती दुष्ट वाटेल आणि ती तशी नव्हती. देण्याघेण्याची बोलणी बाहेर चालली होती, तेव्हा तिनं आतूनच आवाज दिला आणि सगळे गप्प झाले.

"आमाला हुंडा नगं. सोनं तुमच्या मनाला यील ते घाला. एकच सांगते. जावयाच्या हातात घड्याळ बांधाल ते नवं नगं. नवं घड्याळ आमच्या घराला लाभत न्हाई. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं, पुरतं आयुष्य काढलेल्याच्या हातातलं असंल तर तेवढं बांधा."

असं मागणं कुणी ऐकलं नव्हतं. आबा काही बोलायच्या आत बापूमामा म्हणाला, हाय की, ह्यांच्या वडलांचं हाय, चावीचं, अजून पेटीत हाय. सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली. माझे वडील खोटं बोलणारे नव्हते, पण चार माणसांत कुणी त्यांचं घर थोडं मोठं करून सांगितलं तर ते खाली आणणं त्यांना जमायचं नाही. बाई समाधानानं हसली. खीर छान झाली होती, असं पाहुणे जाताना म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात कुणी धड जेवलं नाही. आईचं म्हणणं, उद्याच्या उद्या निरोप पाठवून खरं सांगा, बाईनं कशासाठी तरीच मागितलं असेल. आबांचं म्हणणं, शब्द गेला तो गेला, आणि घड्याळ काय, जुनं म्हणजे जुनं, भोरात पाहिजे तेवढी पडलीत. ताई भांडी आवरत होती. तिला अंकुश मनापासून आवडला होता; त्या दिवशी तिनं एकही गाणं म्हटलं नव्हतं, त्यावरून मी ते ओळखलं. आईनं तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? ताई म्हणाली, आबा म्हणतात तसं करू.

भोरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. ताईला बांगड्या आणि परकराचं कापड घ्यायचं होतं, मी नुसतीच शेपटासारखी. बाजारपेठेतून नदीकडं उतरताना एका बोळाच्या तोंडाशी घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेचं एक कपाट आणि त्यामागं डोळ्यात भिंग अडकवलेला एक बडबडा माणूस. तेव्हा सेलवरच्या घड्याळांची हौस सुरू झाली होती, चावीची घड्याळं लोक उतरवून ठेवत होते, त्यामुळं त्याच्याकडं ड्रॉवर भरून जुना माल होता. आबांनी सांगितलं, जुनं पाहिजे, स्वस्त पाहिजे, पण दुरुस्त होऊन निदान नातवंडांपर्यंत चाललं पाहिजे. तो हसला. त्यानं तीन घड्याळं फडक्यावर मांडली आणि एकेकाचं पुराण सांगायला लागला. पहिलं सोनेरी होतं, पण मनगटाला घासून सोनेरीपणा उडालेला आणि आतून पितळ दिसत होतं. दुसऱ्याची तबकडी कोरी करकरीत. ती मागाहून रंगवलेली आहे, आकडे एका रेषेत नाहीत, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. रंगवलेलं घेऊ नका, म्हणाला, बघणाऱ्याला लगेच कळतं. तिसरं साधं, पोलादी. तबकडी मूळची, दुधाच्या सायीसारखी पिवळट झालेली, काटे निळसर, काच ओरखडलेली. आणि कडेला, चारच्या आकड्याजवळ, एक खोक पडलेली.

त्यानं मागचं झाकण उघडून आबांना आतलं दाखवलं. चाकांवर कुठंकुठं तांबूस ठिपके होते. आबांनी विचारलं, गंज कसा? तो म्हणाला, पाण्यात पडलं असंल कवातरी. त्याला काय, धुऊन वाळवून चालू व्हतंय, ते काय माणूस हाय बुडून मरायला. आबा हसले. मीही हसले. ताईनं ते बंद पडलेलं घड्याळ हातात घेतलं, मुठीत धरलं, कानाला लावलं. मग तिनं मूठ उघडली तर बारीक सेकंदकाटा थरथरत होता. दोन-चार घरं पुढं गेला आणि थांबला. दुकानदार म्हणाला, हाताच्या उबेनं होतं असं, तेल आळलेलं असतं ते ढिलं पडतं. बाकीची दोन्ही आम्ही मुठीत धरून बघितली, ती मख्ख राहिली.

"मला ह्येच पायजे," ताई म्हणाली. "ह्ये चालायला बघतंय."

आबांनी विचारलं, कुणाचं होतं, कुठलं? दुकानदार भिंग काढत म्हणाला, जुन्या मालाला गाव इचारत न्हाईत. आता हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस गेला की तेराव्याला त्याच्या वापरातल्या वस्तू घराबाहेर जातात. अंथरूण, छत्री, काठी, वहाणा, हातात असेल ते. ज्याला देतात त्यानं त्याचं काय केलं हे देणाऱ्यानं विचारायचं नसतं, आणि घेणारा त्या गावात तरी त्या वस्तू विकत नाही, लांबच्या बाजाराला नेतो. आबांना हे माहीत होतं. परतीच्या यष्टीत ते सारखे म्हणत होते, कुणीतरी पोराच्या फीसाठी विकलं असंल.

दुरुस्तीला बराच वेळ लागला. पेट्रोलमध्ये धुतलं, नवी स्प्रिंग घातली, दुसऱ्या एका मेलेल्या घड्याळातलं चाक काढून बसवलं, काच बदलली, तपकिरी चामड्याचा पट्टा लावला. दुकानदारानं विचारलं, खोक घासून काढू का? निघंल. आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, राहू दे. त्यांचं म्हणणं, खोक असली की घड्याळ घरातलं वाटतं, आणि तिच्यामागं सांगायला काहीतरी असतं. सांगायला काय, ते त्यांनी वाटेतच तयार केलं. आजोबा बांधाला दगड लावत होते, दगड निसटला, हात वाचला, घड्याळाला खोक पडली. आत पाणी गेलं ते भाताच्या लावणीत. घरी आल्यावर त्यांनी आम्हाला हे सांगितलं, मग जेवताना पुन्हा सांगितलं, आणि लग्नापर्यंत इतक्यांदा सांगितलं की पुढं पुढं त्या दगडाला रंग आला, बांध कुठला ते ठरलं, आणि एकदा तर आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हे गमतीचं वाटायचं. आईला नाही. ती त्या घड्याळाला हात लावायची नाही. ते पेटीत साडीत गुंडाळून ठेवलं होतं तरी त्याची टिकटिक तिला स्वयंपाकघरात ऐकू यायची म्हणे. कुरडया घालताना एकदा ती हात थांबवून बसली आणि म्हणाली, घरात आनखी एक माणूस जेवायला थांबल्यासारखं वाटतंय.

आईनं आणखी एक गोष्ट केली, ती मला खूप नंतर कळली. तिनं बापूमामाला गाठून लहूचं विचारलं. त्यानं सांगितलं, नदीत गेला, लई वर्षं झाली, आता कशाला. आई घरी येऊन देवापुढं दिवा लावून बसली. घड्याळाचा आणि त्या मुलाचा संबंध तिला लागला नाही, लागायचं कारणही नव्हतं. पण आत पाणी गेलंय हे तिला माहीत होतं, आणि तेवढ्यावरून तिनं आबांना म्हटलं, ह्ये नगं, दुसरं घ्या. आबा म्हणाले, लग्न तोंडावर आलंय.

लग्न आमच्या दारात झालं. आबांनी मांडवात अंकुशदाजींच्या मनगटाला घड्याळ बांधलं, माइकवरून बापूमामानं सांगितलं की हे मुलीच्या आजोबांचं, घराण्याचं घड्याळ आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी पाठराखीण म्हणून ताईबरोबर वेल्ह्याला गेले. आमच्यात नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा धाकटी बहीण जाते, तिला एकटं वाटू नये म्हणून. मी नवा फ्रॉक, नव्या चपला आणि मोठं कौतुक घेऊन जीपमध्ये बसले. वेल्ह्याला आमच्यापेक्षा अंधार लवकर पडतो. तोरण्याची सावली दुपार कलली की खाली उतरायला लागते आणि गाव झाकून टाकते, उत्रोलीला तेव्हा अजून पोरं खेळत असतात. घर नेटकं होतं, शेणानं सारवलेलं. नाचणीची भाकरी, सुकटाचं कालवण आणि भात वाढला. ते कालवण इतकं चांगलं होतं की मी दोनदा मागून घेतलं आणि ताईनं मला चिमटा काढला. तिचं तोंड उजळलं होतं. माझी बहीण इतकी आनंदात मी पुन्हा बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरानवरीची हळद उतरवायची होती. परसात दगडावर त्यांना बसवून बायका अंघोळ घालणार, चेष्टामस्करी होणार. अंकुशदाजी बसायच्या आधी घड्याळ भिजू नये म्हणून ते सोडून आईच्या हातात देत म्हणाले, आई, धर. मी तिच्या शेजारीच हातात टॉवेल घेऊन उभी होते. तिनं घड्याळाकडं पाहिलंही नव्हतं, ती बायकांना पाणी बेतानं घाला म्हणून सांगत होती. बोलता बोलता तिचा अंगठा घड्याळाच्या कडेवरून फिरला, चारच्या आकड्याजवळ आला आणि तिथं थांबला. तिचं बोलणं तुटलं. अंगठा मागं गेला, पुन्हा पुढं आला. मग तिनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. बायका हसत होत्या, पाणी उडत होतं, ताई हळदीच्या पाण्यानं निथळत होती, आणि ही बाई घड्याळ मुठीत घेऊन आत निघून गेली.

अंघोळी झाल्यावर तिनं ताईला आत बोलावलं. मी पाठराखीण, मी मागोमाग गेले. ती देव्हाऱ्यापुढं बसली होती. तिनं शांतपणे विचारलं, ह्याला ही खोक कशी पडली? ताईनं आबांनी शिकवलेलं सांगितलं. बांध, दगड, आजोबांचा हात. बाईनं सगळं ऐकून घेतलं. ताईचं संपल्यावर म्हणाली,

"म्या चटणी कुटत व्हते. लहूनं नवं घड्याळ घेतलं व्हतं, मला दावायला हात उखळावर धरला त्यानं, मस्करीनं. मुसळ खाली आलं. हात वाचला, ह्याला खोक पडली. माझ्याच हातनं पडली. त्याच साली त्यो नदीत गेला, अंकुश तवा बारका व्हता. काढला तवा ह्ये हातात तसंच व्हतं, थांबलेलं. तेराव्याला म्याच बाहेर घालवलं."

बाहेर जीप धूत अंकुशदाजी कुणाशी तरी हसत बोलत होते. मी ताईकडं बघत होते. ती आता काय सांगेल, आणि ही बाई आम्हाला लगेच जीपमध्ये घालून उत्रोलीला परत पाठवेल का, आबांचं तोंड भर गावात काळं होईल का, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. ताईचे ओठ हळदीनं पिवळे होते. तिनं मान वर केली.

"आबांनी बाजारातनं घेतलं," ती म्हणाली. "तिघातनं निवडलं म्या. आबांना बोलू नका."

बाई म्हणाली, माझी इच्छा काय व्हती, तर पुरतं जगलेल्या माणसाचं घड्याळ माझ्या धाकट्याच्या हातात ऱ्हावं. आन् ह्ये आलं. मग तिनं घड्याळ फेकलं नाही, आरडाओरडा केला नाही. देव्हाऱ्यात तिच्या सासऱ्यांचे आणि नवऱ्याचे चांदीचे टाक होते, वाडवडिलांच्या नावानं पुजतात तसे. त्यांच्या शेजारी तिनं हळदकुंकू लावून घड्याळ ठेवलं आणि ताईला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ताईला वाटलं, सुटलो. मलाही वाटलं.

"एकदा घालवलेलं परत आलंय," ती म्हणाली. "आता ह्ये घालवायचं न्हाई, आन् बंद पडू द्यायचं न्हाई. थांबलं तवाच माझं पोरगं गेलं. तू निवडलंस, तुझ्या हातात चालू झालं, आता तुझ्याच हातानं चालायचं. रोज सकाळी अंकुशची गाडी निघायच्या आदी चावी द्यायची. दुसऱ्या कुणाचा हात लावायचा न्हाई, हितनं हलवायचं न्हाई. बाकी तुला म्या कशाला इचारणार न्हाई."

आणि तिनं खरंच कधी विचारलं नाही. ताईला टाकून बोलली नाही, आबांची लबाडी कुणाला, अगदी मुलालाही, सांगितली नाही. मुलाला तिनं एवढंच सांगितलं की व्याह्यांचं घड्याळ मोलाचं आहे, गाडीवर खराब होईल, देवापाशी राहू दे. माझ्याकडून मात्र ताईनं परसात नेऊन शपथ घेतली. आबांना कळता कामा नये, कळलं तर ते मरतील, कुंदे, माझ्या गळ्याची आण. मी आण घेतली. मला वाटलं, एवढंच तर आहे, सकाळी उठून चावी द्यायची. शाळेत रोज घंटा देणारा शिपाई असतो तसं.

त्याचा अर्थ मला दिवाळीत कळला. पहिला दिवाळसण, आईनं अनारशांचं पीठ आठवडाभर आधी भिजवलेलं, आबांनी जावयासाठी नवी गादी भरून आणलेली. ताई सकाळच्या गाडीनं आली आणि चहाच्या वेळेला निघते म्हणाली. आईला वाटलं सासूचा जाच आहे. आबांनी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. चावीच्या घड्याळाला रोजची चावी लागते; एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी केव्हातरी ते थांबतं. म्हणून ताई त्यानंतर आमच्या घरी कधी मुक्कामाला राहिली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं ही साधी रीत, तर आमची आईच डिंकाचे लाडू डब्यात घालून वेल्ह्याला जाऊन राहिली. गाव बोलायचं ते बोललं. बाळंतिणीच्या खोलीतून पहाटे उठून, भिंतीला धरत धरत, ताई देव्हाऱ्यापाशी जायची हे आईनं बघितलं आणि सोयरातही सासू अडवत नाही, माझी लेक किती देवभोळी झाली म्हणून घरी येऊन सांगितलं. मी ऐकत होते. माझी आण होती.

आबांच्या मनानं घेतलं होतं की लग्नात सोनं कमी घातलं म्हणून लेक रुसली. त्यांनी मागाहून एकदा भात विकून तिला कानातलं केलं, स्वतः नेऊन दिलं आणि संकोचून म्हणाले, आता तरी दोन दिस येत जा. ताईनं कानातलं घातलं आणि त्यांना वाढायला आत गेली. आबा गेले तेव्हाही ती सकाळी आली, त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडली आणि दिवस मावळायच्या आत जीपमध्ये बसली. लोक बघत राहिले. मला तेव्हा त्या घड्याळाचा, त्या सासूचा, बापूमामाचा आणि खुद्द आबांचाही इतका राग आला की मी दहाव्यापर्यंत कुणाशी धड बोलले नाही.

आता माझी पन्नाशी उलटली. मी भोरातच शाळेत शिकवते, मुलांना स्प्रिंग म्हणजे काय, दातेरी चाक म्हणजे काय ते फळ्यावर काढून सांगते. ताईची सासू गेल्या साली गेली, पूर्ण पिकून गेली. तिच्या तेराव्याला मी ताईला बाजूला घेऊन म्हटलं, झालं आता. थांबू दे ते. ताईनं माझ्याकडं लहान मुलीकडं बघावं तसं बघितलं. तुझं बरुबर हाय, म्हणाली, पर घाटात गाडी माझा नवरा घालतो, तुझा न्हाई. इतकी वर्षं ते चालू आहे आणि इतकी वर्षं दाजी सुखरूप घरी येतात. फळ्यावर काढून याचं उत्तर देता येत नाही.

आणि मग या माघात ताई माझ्याकडं आली, हातात पिशवी, पिशवीत इंद्रायणीचे तांदूळ आणि बदलायची साडी. चप्पल काढता काढता म्हणाली, दोन दिस ऱ्हाते. मला आधी कळलंच नाही. मग मी इतकी आनंदले की काय करू सुचेना. तिच्यासाठी सुकटाचं कालवण केलं, आईची जुनी गोधडी काढली. आम्ही पोरींसारख्या गप्पा मारल्या. आबांच्या त्या दगडाची गोष्ट मी त्यांच्या आवाजात सांगितली आणि ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. घड्याळाचं मी मुद्दाम विचारलं नाही. तिनं सोडून दिलं असेल, एवढं सुख मला पुरे होतं.

सकाळी मी चहा टाकला तेव्हा ताई गॅलरीत मोबाईल हातात घेऊन उभी होती. तिचा मुलगा महेश आता जीपऐवजी मोठी गाडी चालवतो, वरंध्याच्या घाटानं कोकणात माल नेतो. दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं. सून स्वाती, हसरी पोरगी, नसरापूरला दवाखान्यात कामाला आहे. फोन तिलाच लावला होता. ताईला मोबाईल कानाला धरायची सवय नाही, ती तो तोंडापुढं धरते, त्यामुळं दोन्ही बाजूंचं मला ऐकू येत होतं.

"दिली का गं चावी?"

"दिली, आई. ह्यांची गाडी निघायच्या आधीच दिली."

"कानाला लावून बघितलंस?"

"बघितलं. थांबा, तुम्हाला ऐकवते."

फोनमधून खरखर आली, आणि मग तो आवाज. भोरच्या त्या बोळात, ताईच्या मुठीतून निघालेला. ताई डोळे मिटून ऐकत राहिली. आबांना नातवंडांपर्यंत चालणारं घड्याळ हवं होतं, ते नातवापाशी पोचलं होतं. मी हातातली कपबशी कठड्यावर ठेवली. मला ताईला हलवून विचारायचं होतं, ती पोरगीही कुणाची तरी लेक आहे, तिच्या घरीही कुणी गादी भरून ठेवली असेल ना. मी तोंड उघडलंही. पण ताई फोनमध्ये बोलत होती, अगदी मायेनं, तिच्या सासूच्या आवाजात.

"आता तुझा हात लागलाय, दुसऱ्या कुणाचा लावायचा न्हाई. आन् परवा आईकडं जायचं म्हनत व्हतीस ना, जा की. सकाळी जा आन् सांजच्याला माघारी ये. बाकी तुला म्या कशाला इचारणार न्हाई."

मग फोन पदराला पुसून तिनं पिशवीत ठेवला, खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, आज निवांत हाय, चहा अजून घोटभर टाक.